‘वाड्यातला पेशवेकालीन गुलाब’ : एका फसवणुकीचा अनुभव

जुन्या जातींचे गुलाब घरच्या परसात लावणाऱ्या आणि जपणाऱ्या मंडळींनी सावध व्हावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वाईला आमच्या सासरच्या घरी, तुळशी वृंदावनाच्या मागे, एक जुना गावठी गुलाब आहे. त्याची फुले फिकट गुलाबी आणि सैलसर असतात, दुपारपर्यंत मलूल होतात, पण सकाळी त्यांचा वास ओटीपर्यंत येतो. सासूबाई दर वर्षी त्याच पाकळ्यांचा गुलकंद लावतात. या झाडाला सोबत म्हणून आणखी काही जुन्या जाती मिळवण्याच्या प्रयत्नात असताना ओळखीतून एका विक्रेत्याचा मजकूर माझ्या मोबाइलवर आला. ‘कृष्णाकाठच्या वाड्यातला पेशवेकालीन गुलाब, स्वतःच्या मुळावर वाढवलेला, मोजकीच रोपे शिल्लक’ असे त्यात लिहिलेले होते आणि सोबत पाकळ्यांनी गच्च भरलेल्या फिकट गुलाबी फुलाचे छायाचित्र होते. एका रोपाचे अठराशे रुपये आणि तेही आगाऊ, अशी अट होती. मी ते रोप मागवले आणि त्याच्याबरोबर ‘ओल्ड ब्लश’ या जुन्या चिनी गुलाबाचेही एक रोप सांगितले.

असा ठेवा कुरियरने पाठवणे बरे नव्हे, असे सांगून तो गृहस्थ स्वतः रोपे घेऊन घरी आला. बोलणे अतिशय आर्जवी होते. वाडा कोणाचा, गुलाब कोणी लावला, पडझडीतून तो कसा वाचवला, हे सारे त्याने चहा घेता घेता रंगवून सांगितले आणि प्रत्येक रोपामागे जाड प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले एक ‘प्रमाणपत्र’ दिले, ज्यावर शिक्का होता पण पत्ता नव्हता. परसातला आमचा गुलाब पाहून त्याने मनापासून कौतुक केल्यासारखे दाखवले, चारी बाजूंनी त्याची छायाचित्रे काढली आणि ‘‘काकू, तुमच्या या झाडाची रोपे करून दोन तुम्हालाच आणून देतो’’ असे सासूबाईंना सांगून त्यांच्या परवानगीने चांगल्या जाड काड्या कापून नेल्या. ती रोपे आजतागायत आली नाहीत.

पहिली शंका पिशवीतून रोपे जमिनीत लावताना आली. रोपाच्या बुंध्याशी माती नको इतकी वर चढवून दाबलेली होती. ती पाण्याने धुऊन काढल्यावर मुळांच्या वर, दोन बोटांवर, एक फुगीर गाठ दिसली. तिच्या वरच्या अंगाला तिरके कापलेले वाळके थोटूक होते आणि सालीत रुतलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी अजून तशीच होती. डोळा भरलेले कलम, म्हणजे एका झाडाच्या बुंध्यावर दुसऱ्या जातीचा डोळा (अंकुर) बसवून केलेले रोप, ओळखण्याची याहून स्पष्ट खूण नसते. डोळा भरणे हे गैर मुळीच नाही. बहुतेक रोपवाटिकांत गुलाब तसेच केले जातात. पण स्वतःच्या मुळावरचे रोप म्हणून बारापट भाव घ्यायचा आणि कलमाची जागा मातीखाली झाकून ठेवायची, हा सरळसरळ लबाडीचा व्यवहार आहे. जुन्या गुलाबांच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा असतो, कारण स्वतःच्या मुळावरचे झाड थंडीने, वाळवीने किंवा एखाद्याच्या निष्काळजीपणाने वरून गेले तरी खालून तेच पुन्हा फुटते. कलमाचे झाड वरून गेले की उरतो तो फक्त खुंट, म्हणजे खाली मुळे पुरवणारे दुसऱ्याच जातीचे झाड.

‘ओल्ड ब्लश’चे नेमके तेच झाले होते, आणि तेही आमच्याकडे येण्यापूर्वीच. भरलेला डोळा मेलेला होता आणि रोपावर दिसणारी सगळी हिरवी फूट गाठीच्या खालची होती. पानाच्या देठाशी जी दोन लहान उपपर्णे असतात, ती या रोपावर कडेने बारीक कातरल्यासारखी होती. ही मल्टिफ्लोरा गुलाबाची ओळख आहे आणि मल्टिफ्लोरा खुंट म्हणून सर्रास वापरला जातो. चिनी गुलाबाची उपपर्णे अशी कातरलेली नसतात. म्हणजे ज्या जातीने बारमाही फुलण्याचा गुण युरोपातल्या गुलाबांना दिला, तिच्या नावाने मला नुसता खुंट विकला गेला होता.

‘पेशवेकालीन’ गुलाबाचा उलगडा पहिले फूल आल्यावर झाला. छायाचित्रातले फूल फिकट गुलाबी होते. झाडावर आले ते भडक शेंदरी, लांब टोकदार कळीचे आणि जवळजवळ बिनवासाचे. मी फोन केला तेव्हा उत्तर तयार होते: ‘‘ताई, माती बदलली की रंग बदलतो. वाईच्या मातीत लोह आहे.’’ हे उत्तर अनेकांना दिले जाते, म्हणून त्यातला खोटेपणा नीट समजून घ्यावा. मातीतल्या आम्लतेने रंग बदलतो तो हायड्रेंजिया या फुलझाडाचा. गुलाब उन्हाने फिका पडेल, थंडीत गडद होईल, पण गुलाबीचा शेंदरी होणार नाही, कारण दोन्ही रंगांची द्रव्ये वेगळी आहेत. जुन्या गुलाबांतला गुलाबी आणि किरमिजी रंग मुख्यतः सायनिडिनचा असतो. शेंदरी छटा देणारे पेलार्गोनिडिन बागेतल्या गुलाबांत आले ते 1930 च्या आसपास, आणि हा रंग खऱ्या अर्थाने घरोघर पोचला तो जर्मनीत तयार झालेल्या ‘सुपर स्टार’ या 1960 च्या जातीमुळे. पेशवाई संपली 1818 साली. शेंदरी गुलाबाला पेशवेकालीन म्हणणे त्यामुळे कोणत्याही मातीत खरे ठरत नाही.

कालगणनेची ही कसोटी इतर ठिकाणीही उपयोगी पडते. आपल्याकडे ‘एडवर्ड’ म्हणून ओळखला जाणारा सुवासिक गुलाब बूर्बों वर्गातला आहे आणि या वर्गाचा उगम हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरचा, साधारण 1820 च्या आगेमागेचा आहे; त्याला कोणी शिवकालीन म्हणाले तर पैसे काढू नयेत. ‘ला फ्रान्स’ ही 1867 ची जात पहिली हायब्रिड टी (आजच्या मोठ्या फुलांच्या गुलाबांचा वर्ग) मानली जाते आणि त्याआधीपासून असलेल्या वर्गांना जुने गुलाब म्हणण्याची रीत आहे. अत्तराच्या दमास्क गुलाबात पांढऱ्यापासून गडद गुलाबीपर्यंत छटा असतात, पिवळी नसते. तरीही ‘पिवळा दमास्क’ विकायला असतोच. निळ्या गुलाबाच्या बियांविषयी तर लिहायलाच नको.

सर्वांत जास्त संताप आला तो पुढच्या प्रकाराने. साताऱ्याच्या एका मैत्रिणीने मला एक नवी जाहिरात पाठवली, ‘सरदार घराण्यातला दोनशे वर्षांचा गुलाब’, आणि तिच्यातल्या छायाचित्रात आमचेच झाड होते. मागे निळा रंग दिलेले आमचे वृंदावन आणि त्याचा उडालेला कोपरा स्पष्ट दिसत होता. मैत्रिणीच्या नणंदेने ते रोप घेतले. तिच्याकडे फुलला तो साधा लाल हायब्रिड टी. पैसे गेले याचे दुःख आहेच, पण ज्या झाडाची खरी माहिती आमच्या घराबाहेर कोणाला नव्हती, त्याच्या नावावर आता कोठेकोठे भलतीच झाडे वाढत आहेत आणि उद्या कोणी मनापासून या गुलाबाचा माग काढू लागला तर त्याच्या हाती खोटी कथा लागेल, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. जुने गुलाब निष्ठेने जपणारी माणसे अनोळखी झाडाला ते जिथे सापडले त्या जागेचे नाव देतात आणि ओळख पटेपर्यंत तेच चालवतात. ज्याच्याकडे प्रत्येक रोपासाठी सरदार, वाडा आणि शतक तयार असते, त्याच्यापासून दूर राहावे.

त्या विक्रेत्याने पुढे नंबर बंद केला. बिल नव्हते, तरी यूपीआयची नोंद, संभाषण आणि जाहिरातीची चित्रे जपलेली असल्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता आली. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच कळवावे; त्यात उशीर झाला की रक्कम अडवणे अवघड जाते. रोप घेताना शक्यतो हिवाळ्यात, झाडावर फूल असताना घ्यावे, आणि दुरून मागवायचे असेल तर फुलाच्या चित्रावर न थांबता कळी, निदले (कळीला झाकणारी हिरवी दले), काटे, पानाचा देठ आणि बुंधा यांची त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे मागावीत. जाणकार विक्रेता ती आनंदाने देतो.

आपल्या घरच्या झाडाच्या काड्या परक्याच्या हाती देण्याआधी आपणच रोपे करून ठेवावीत. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या काड्या वाळू आणि कुजलेल्या खताच्या मिश्रणात सावलीत लावल्या तर त्यातल्या काही नक्की धरतात. पावसाळ्यात गुटी बांधली, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फुटवून घेतली, तरी चालते. आम्ही आता आमच्या गुलाबाची रोपे वाई, पुणे आणि मैत्रिणीचे सातारा अशी तीन ठिकाणी ठेवली आहेत आणि प्रत्येकाला ‘वाई, परसातला गुलाबी’ एवढेच कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी बांधली आहे.

निळ्या वृंदावनाचे चित्र पाहून ज्यांनी रोप घेतले असेल, त्यांनी बुंध्याची माती बाजूला करून गाठ पाहावी, गाठीखालची फूट असेल तर ती मुळाशी काढून टाकावी, झाड वाढवायचे असेल तर जरूर वाढवावे, परंतु पाटीवरचे सरदार घराण्याचे नाव खोडून तिथे केवळ रंग आणि खरेदीचा महिना लिहावा, आणि त्या नावाने त्याची काडी पुढे कोणालाही देऊ नये.