पहिली ट्यूब बदलायची तर कुठली: १२एएक्स७, ५७५१ की १२एवाय७?

गिटारच्या ट्यूब ॲम्पचा टोन सुधारायचा म्हणून ट्यूब बदलायला निघालेला माणूस बहुधा आधी पॉवर ट्यूबकडे, म्हणजे शेवटी स्पीकर चालवणाऱ्या ट्यूबकडे, बघतो. दिसायला त्याच मोठ्या, आणि ॲम्पची ओळखही त्यांच्यावरूनच सांगितली जाते. मार्शल म्हटलं की ईएल३४, फेंडर म्हटलं की ६एल६ नाहीतर ६व्ही६. त्या थकल्या असतील, आवाज दबला असेल, एखादीची प्लेट लाल होत असेल तर बदलाच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण धडधाकट पॉवर ट्यूब केवळ टोनसाठी बदलणं मला तरी फारसं मानवलं नाही. फिक्स्ड बायसचा, म्हणजे ट्यूबचा स्थिर करंट वेगळा लावून ठेवावा लागतो असा, ॲम्प असेल तर मॅच केलेली जोडी हवी आणि बायस नव्याने लावायला हवा. त्यात आतला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब ॲम्प बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेला असतो, म्हणजे सवय नसेल तर टेक्निशियन आलाच. ॲम्प दुरुस्तीहून परत येईपर्यंत आधीचा आवाज नेमका कसा होता हे कुणाच्या कानात राहतं? खर्च केलेला असतो, त्यामुळे नवं ते चांगलंच वाटतं.

पहिल्या प्रीॲम्प ट्यूबचं, म्हणजे व्ही१चं, तसं नाही. गिटारचा सिग्नल सगळ्यात आधी तिच्यात शिरतो आणि तिथे जे काही बरंवाईट होतं ते पुढचा प्रत्येक टप्पा मोठं करत नेतो. बायस लावायची भानगड नाही. ॲम्प बंद करायचा, ट्यूब गार होऊ द्यायची, तिच्यावरचं शील्ड, म्हणजे धातूचं टोपण, काढायचं आणि ट्यूब सरळ बाहेर ओढायची. नवी बसवून लगेच तेच वाजवून बघता येतं, जुना आवाज कानात ताजा असताना. म्हणून पुढे जे लिहितोय ते फक्त या एका जागेबद्दल.

या सॉकेटात पिना जुळणाऱ्या ट्यूब पाच-सहा तरी आहेत. त्यातली १२एयू७ बाजूलाच ठेवा, गिटारच्या पहिल्या टप्प्यात ती फारच मवाळ पडते. १२एटी७ बरेच जण सुचवतात. माझ्या कानाला ती इथे थोडी कोरडी, ताठ वाटते. तिची घडणच जास्त करंटसाठी आहे, १२एएक्स७साठी आखलेल्या सर्किटमध्ये तिला तो मिळत नाही. फेंडरच्या ॲम्पमध्ये रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) चालवायला किंवा पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या फेज इन्व्हर्टरला ती असते, तिथे ती शोभते. उरल्या तीन. १२एएक्स७चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल मोठा करायची ताकद, १००, ५७५१चा ७०, १२एवाय७चा ४४च्या आसपास. आकडे ऐकून वाटतं तेवढा फरक कानाला जाणवत नाही. नेहमीच्या सर्किटमध्ये ५७५१ लावली तर त्या टप्प्याचा गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, साधारण तीन डेसिबलने उतरतो, १२एवाय७ लावली तर पाच-सहाने.

आता ज्या कटकटीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो. माझा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) छोटा आहे, शेवटी एकूण आवाज उतरवणारा मास्टर व्हॉल्यूम नाही, आणि व्ही१मध्ये १२एएक्स७ होती. व्हॉल्यूमचं बटण दीडपर्यंत नेलं तरी आवाज पातळ, जीव नसल्यासारखा. दोनच्या खुणेपाशी अंगठ्याच्या नखाने जरासं पुढे सरकवलं की दाराची कडी थरथरायला लागायची. या दोन्हींच्या मध्ये जिथे गिटार खरोखर गिटारसारखी वाजते ती जागा बटणावर केसाएवढी. गिटारला हमबकर, म्हणजे जास्त जोराचा सिग्नल देणारा पिकअप, असेल तर तेवढीही नाही. चारच्या पुढे आवाज वाढत नव्हता, नुसता चेपत होता, म्हणजे सहा-सात खुणा निव्वळ शोभेच्या. टोनबद्दल माझी तक्रार नव्हतीच म्हटलं तरी चालेल. पण जो आवाज आवडतो तो ज्या खुणेवर मिळतो तिथे बटण ठरत नसेल, तर त्या टोनचं करायचं काय? रोज वाजवायला बसलं की पहिलं काम म्हणजे ती खूण शोधणं, आणि गिटार बदलली की पुन्हा तेच.

यावर ५७५१ हा पहिला उपाय सगळेच सांगतात, आणि तो वाईट नाही. १२एएक्स७चीच औद्योगिक, मजबूत बांधणीची बहीण म्हणून ती बनली. मला ती शांत वाटली. सिंगल कॉइल पिकअपवर तर छानच. खालच्या तारा मोकळ्या होतात, कॉर्डमधले सूर एकमेकांत गुंतत नाहीत, आणि जोराने पिक मारलं की करकर येतेच, फक्त जरा उशिरा. पण बटणाची कटकट अर्धीच सुटली. केसाएवढी जागा बोटाएवढी झाली, इतकंच. आधीपासून समाधानी असलेल्याला हा बदल पुरेसा वाटेल, कदाचित हवाहवासाही.

१२एवाय७ने मात्र बटण माणसात आणलं. तीनपासून सहापर्यंत प्रत्येक खुणेला वेगळा आवाज मिळायला लागला. तीनवर स्वच्छ, पाचच्या आसपास पिकच्या दाबावर आवाज फाटायचा की नाही ते हात ठरवतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की पुन्हा निर्मळ. पेडल वापरणाऱ्यांना आणखी एक फायदा दिसेल. पहिली ट्यूब पटकन भरून जात नाही, त्यामुळे ओव्हरड्राइव्ह पेडलचा (आवाजाला करकर देणाऱ्या पेडलचा) स्वतःचा स्वभाव ऐकू येतो. आधी सगळ्या पेडलांवर ॲम्पचीच एक करकर चढून बसायची.

ही काही कुणी अलीकडे काढलेली युक्ती नाही. १९५० च्या दशकातल्या ट्वीड (कापडी आवरणाच्या) फेंडरांमध्ये, ५ई३ डीलक्समध्ये आणि ५एफ६-ए बासमनमध्ये, पहिल्या जागेवर १२एवाय७च होती. मार्शलने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच बासमनच्या सर्किटवरून जेटीएम४५ बांधला तेव्हा तिथे ईसीसी८३ आली, म्हणजे युरोपातली १२एएक्स७. स्पीकर, ट्रान्सफॉर्मर असे इतर फरक होतेच, पण मार्शल लवकर गुरगुरतो त्यात या एका काचेच्या नळीचाही वाटा आहे. ट्वीड सर्किटवर बेतलेल्या नव्या ॲम्पमध्ये कित्येकदा सवयीने १२एएक्स७ दिलेली असते. तुमचा ॲम्प तसा असेल तर १२एवाय७ लावणं म्हणजे काही बदलणं नव्हेच, मूळ जागी परत जाणं आहे.

१२एएक्स७ची बाजूही मांडली पाहिजे. पेडलशिवाय, ॲम्पच्याच गेनवर रॉक वाजवणाऱ्याने तिला हात लावू नये. १२एवाय७वर हाय-गेन चॅनल पोकळ वाटतो, सस्टेन लवकर विरतो, आणि एकट्या गिटारवर गोड वाटलेला आवाज ड्रमसोबत मागे पडू शकतो. १२एएक्स७च ठेवायची आणि टोन तेवढा बदलून बघायचा तर मेक बदलण्यात थोडी गंमत आहे, पण थोडीच. कॉम्बोमध्ये तिथे आखूड प्लेटची (आतला धातूचा पत्रा छोटा असलेली) ट्यूब बघा, स्लोव्हाकियातल्या जेजेची ईसीसी८३एस तशी आहे. लांब प्लेटची ट्यूब काही जणांना जास्त भरीव वाटते, मलाही क्वचित वाटली. पण स्पीकरशेजारी बसून सतत हादरे खाल्ले की ती मायक्रोफोनिक व्हायची, म्हणजे हादरे आवाजात उतरवायची, शक्यता जास्त. ओळखायला सोपं आहे. ॲम्प चालू ठेवून व्हॉल्यूम निम्म्यावर न्या आणि पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकेच टिचकी मारा. व्ही१मधून थोडा टकटक आवाज येणारच. पण टिचकीनंतर घंटेसारखी घुमत राहिली, किंवा शिटी सुरू झाली, तर ती ट्यूब व्ही१मधून काढून मागच्या एखाद्या जागेवर टाका. तिथे ती बहुधा निमूट चालते.

जुन्या साठ्यातल्या म्युलार्ड, टेलिफुंकन या कंपन्यांच्या ट्यूबबद्दल विचाराल तर ऐकल्या आहेत, सुंदर असतात. पण गेनचा प्रश्न त्यांनी सुटत नाही, कारण १२एएक्स७ ती १२एएक्स७च. शिवाय छाप पाहून घ्यावं तर छापही खोटे निघतात. माझा कल पैसे तिथे न घालता आधी सॉकेटच्या पिना काँटॅक्ट क्लीनरने साफ करण्याकडे आहे. निम्मी खरखर तिथेच जाते.

एक गोष्ट मात्र आधी सर्किट बघून ठरवा. ट्वीड डीलक्समध्ये व्ही१चे दोन अर्धे दोन चॅनलना वाटून दिलेले असतात, म्हणजे तुमचा सिग्नल त्या ट्यूबमधून एकदाच जातो. ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलच्या) फेंडर डीलक्स रिव्हर्ब किंवा ट्विनमध्ये तसं नाही. तिथे व्ही१ नॉर्मल चॅनलची, व्ही२ व्हायब्रॅटो चॅनलची, आणि प्रत्येकीत आपापल्या चॅनलचे दोन्ही टप्पे. रिव्हर्ब हवा म्हणून बहुतेक जण वाजवतात व्हायब्रॅटो चॅनलवर आणि ट्यूब बदलतात व्ही१ची, मग म्हणतात काहीच फरक पडला नाही. शिवाय एकाच ट्यूबमध्ये दोन टप्पे असल्याने गेन दोनदा उतरतो, १२एवाय७ तिथे जरा जास्तच होते. तशा ॲम्पला व्ही२मध्ये ५७५१ लावा. बाकी मास्टर व्हॉल्यूम नसलेला, सिग्नल व्ही१मधून एकदाच नेणारा, घरात वाजवायचा छोटा ॲम्प असेल तर १२एवाय७ मागवा आणि काढलेली १२एएक्स७ डब्यात जपून ठेवा, पुढेमागे दुसऱ्या जागेवर लागतेच.