डब्ल्यू-१२०९ तापमान नियंत्रक: अडगळीतून बांधलेल्या उबवणी पेटीतील एकमेव विकतचा भाग

अंडी उबवण्याची पेटी घरच्या अडगळीतून बांधायची म्हटली, तर तिचे जवळजवळ सगळे साहित्य हाताशीच असते. जाड थर्माकोलचा खोका किंवा बंद पडलेल्या फ्रिजचे कपाट, जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा, टाकून दिलेल्या राउटरचा अडॅप्टर, तारेच्या बल्बचे होल्डर आणि झरोक्यासाठी फोटोच्या चौकटीची काच एवढ्यावर पेटी उभी राहते. तापमान नियंत्रक मात्र अडगळीतून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इस्त्रीतली किंवा गिझरमधली द्विधातूची पट्टी पाणी तापवायला, कपडे कडक करायला उत्तम असते. पण तिच्या चालू आणि बंद होण्यात कित्येक अंशांचे अंतर असते, आणि कोंबडीच्या अंड्याला तर २१ दिवस ३७.५ अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ राहायचे असते. त्या एका कामासाठी मी डब्ल्यू-१२०९ या नावाने मिळणारा छोटा बोर्ड वापरतो, आणि हे परीक्षण त्याचेच आहे.

बोर्ड काडेपेटीएवढा आहे. त्यावर तीन आकडी दर्शक, तीन बटणे आणि एक रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर बल्बची वीज जोडणारा-तोडणारा स्विच असून, वायरच्या टोकाला धातूच्या टोपणातला सेन्सर जोडलेला असतो. मोजण्याचा पल्ला उणे ५० ते ११० अंशांचा आहे आणि आपल्या कामाच्या टप्प्यात अंशाचा दहावा भागही दिसतो. तो १२ व्होल्टवर चालतो, ही भंगारातून बांधणाऱ्यासाठी मोठी सोय आहे, कारण पंखा आणि बोर्ड दोन्ही एकाच जुन्या अडॅप्टरवर भागतात. फक्त तो अडॅप्टर जुन्या पद्धतीचा, आत वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेला असेल, तर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून पाहावे. त्यावर १२ व्होल्ट लिहिलेले असूनही भार नसताना तो १५-१६ व्होल्ट देऊ शकतो.

नवा बोर्ड जसाच्या तसा जोडला तर तो उबवणीच्या नेमके उलट वागतो. कारखान्यातून येताना तो थंड करण्याच्या रीतीवर लावलेला असतो, म्हणजे पेटी तापली की रिले चालू होतो आणि बल्ब आणखी तापवू लागतो. म्हणून सेट बटण काही क्षण दाबून धरून पहिली गोष्ट बदलायची ती पी-० हे मूल्य: ‘सी’ काढून ‘एच’ करायचे. दुसरे मूल्य पी-१, म्हणजे बल्ब बंद होणे आणि पुन्हा लागणे यांतले अंतर. ते मुळात २ अंश असते आणि अंड्यांसाठी फार जास्त आहे. तापवण्याच्या रीतीत नेमलेले तापमान गाठले की बल्ब बंद होतो आणि त्याखाली पी-१ इतकी घसरण झाली की पुन्हा लागतो. त्यामुळे पेटीचे सरासरी तापमान नेमलेल्या आकड्याच्या थोडे खालीच राहते. मी ३७.७ नेमून अंतर ०.४ ठेवतो, म्हणजे पेटी ३७.३ आणि ३७.७ यांच्यामध्ये झुलत राहते.

हे अंतर ०.१ करण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि बोर्ड तशी मुभाही देतो. ते करू नये, कारण अंडे हवेबरोबर लगेच तापत किंवा निवत नाही. हवा मिनिटभर अर्धा अंश खालीवर झाली तरी कवचाच्या आतल्या भ्रूणापर्यंत ती हालचाल पोचत नाही. उलट अंतर जितके लहान, तितका रिले जास्त वेळा चालू-बंद होतो. मिनिटाला एकदा जरी तो लागला, तरी दिवसाला १,४४० आणि एका उबवणीत ३०,२४० वेळा लागेल. अशा छोट्या रिलेचे आयुष्य पूर्ण भारावर साधारण एक लाख वेळांचे धरले जाते. ४० वॅटचा बल्ब पूर्ण भाराच्या जवळपासही नसतो हे खरे, पण थंड असताना त्याच्या तारेचा रोध फारच कमी असल्यामुळे लागण्याच्या क्षणी नेहमीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त विद्युतप्रवाह त्यातून जातो आणि रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते.

यावर अडगळीतच एक चांगला उपाय आहे. एकसारखे दोन बल्ब एकामागून एक अशा जोडणीत लावले, तर प्रत्येकाच्या वाट्याला विजेचा निम्माच दाब (व्होल्टेज) येतो, ते मंद तांबूस जळतात, सुरुवातीचा प्रवाह कमी होतो आणि तारेचे आयुष्य कितीतरी वाढते. मात्र एकाची तार तुटली तर दोन्ही विझतात, म्हणून ही जोडणी करणाऱ्याने दिवसातून अनेकदा झरोक्यातून पाहण्याची सवय ठेवलीच पाहिजे. एलईडी बल्ब या कामाचा नाही. त्याची उष्णता पेटीला पुरत नाही.

या बोर्डातला माझ्या मते सर्वांत गंभीर दोष रिलेशीच संबंधित आहे. ठिणग्यांनी रिलेची टोके एकमेकांना चिकटली, तर दर्शक काहीही दाखवो, बल्ब जळतच राहतो. पी-६ या मूल्याने कमाल तापमानाची मर्यादा घालता येते, पण त्या मर्यादेवर बोर्ड जे बंद करतो तो हाच रिले असतो, आणि तोच चिकटला असेल तर मर्यादेचा काही उपयोग नाही. उबवणीत जास्त उष्णता ही कमी उष्णतेपेक्षा कितीतरी घातक असते. ३५ अंशांवर तीन-चार तास गेले तर भ्रूणाची वाढ केवळ मंदावते, पण ४०.५ अंशांच्या आसपास अगदी थोडा वेळही गंभीर इजा करतो. म्हणून मी असेच दोन बोर्ड घेण्याचा आग्रह धरीन. दुसऱ्याचा रिले पहिल्याच्या रिलेनंतर, बल्बच्या त्याच वायरीत जोडावा, त्याचा सेन्सर वेगळा असावा आणि त्याचे नेमलेले तापमान ३८.५ ठेवावे. एरवी तो काहीच करत नाही. पहिला फसला तरच बल्बची वीज तोडतो.

सेन्सर दहाव्या अंशापर्यंत आकडा दाखवतो, याचा अर्थ तो दहाव्या अंशापर्यंत खरा असतो असे नाही. ताप मोजण्याचा थर्मामीटर नेमका आपल्याला हव्या त्या पल्ल्यात अचूक असतो. तो आणि सेन्सर एकत्र कोमट पाण्यात बुडवून ताडून पाहावेत आणि जो फरक निघेल तो पी-४ मध्ये भरावा. सेन्सरची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. तो अंड्यांच्या वरच्या पातळीला, बल्बच्या थेट उजेडापासून दूर, घट्ट बांधलेला असावा. तो सुटून पेटीबाहेर लोंबू लागला तर बोर्डाला खोलीचा गारवाच जाणवत राहील आणि आत अंडी शिजतील. अशा वेळी वेगळ्या सेन्सरचा दुसरा बोर्डच वाचवतो. पेटीत पंखा नसेल तर वरची हवा खालच्यापेक्षा बरीच गरम असते, म्हणून त्या पातळीला ३८.३ ते ३८.९ अंश लागतात. पण जुना पंखा इतका सहज मिळत असताना तो न बसवण्याचे कारण मला दिसत नाही.

आर्द्रता हा बोर्ड पाहत नाही. त्यासाठी वेगळा मापक लागतो आणि पाण्याचे पसरट ताट: पहिले १८ दिवस सुमारे ५० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के. ताटाची खोली वाढवून काही होत नाही, पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. अंडी १८व्या दिवसापर्यंत हातानेच दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. त्यासाठी मायक्रोवेव्हच्या फिरत्या ताटाची मोटर काढण्याच्या भानगडीत जाणकाराशिवाय कोणी पडू नये, कारण त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

बोर्डाच्या मागच्या बाजूला रिलेचे डाख उघडे असतात आणि बल्ब जोडल्यावर त्यांत घरातली पूर्ण वीज खेळते. बोर्डासोबत आवरण येत नाही, ही मला खटकणारी दुसरी बाब आहे. त्यामुळे तो प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, पेटीच्या बाहेर, दमट हवेपासून दूर बसवावा आणि थर्माकोल बल्बच्या जवळ येणार नाही याची खात्री करावी. दोन बोर्ड, योग्य आवरण आणि ताडून घेतलेला सेन्सर एवढे असेल, तर दहावीस अंड्यांच्या घरगुती पेटीसाठी मी याची निःसंकोच शिफारस करतो. अंडी मांडण्याआधी त्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवून पेटी एक पूर्ण दिवस आणि रात्र चालवावी, आणि पहाटेच्या गारव्यात व दुपारच्या उन्हात दोन्ही वेळा आकडे टिकले तरच फलित अंडी आत जावीत.