स्मार्ट वजनकाटा वजनापुरता ठीक, चरबीसाठी टेप आणि चिमटा घ्या

वेट ट्रेनिंग नव्यानं सुरू केलेला बडोदेकर पहिल्या महिन्यात दोन खरेद्या हमखास करतो: प्रोटीनचा डबा आणि ब्लूटूथवाला वजनकाटा. डब्याबद्दल पुन्हा कधीतरी. काट्याबद्दल आज, कारण त्यावरचा ‘फॅट’चा आकडा बघून माणसं जेवण कमी करतात, व्यायाम बदलतात, कधी कधी सोडूनही देतात.

वस्तू म्हणाल तर साधी आहे. काचेचा चौकोन, खाली चार पाय, वर चार धातूच्या पट्ट्या, तीन-चार पेन्सिल सेल आणि फोनवरचं अ‍ॅप. साधारण दीड-दोन हजारांत मिळते. वजन ती बरं दाखवते, पण आधी तपासून घ्यायची. जुन्या वाड्यातल्या कोटा फरशीवर चारही पाय नीट टेकत नाहीत आणि रबरी मॅटवर आकडा चुकतोच, म्हणून सपाट टाइलची एक जागा ठरवा आणि काटा तिथून हलवू नका. आधी नुसते उभे राहा, मग गव्हाच्या पिठाची पाच किलोची सीलबंद पिशवी हातात घेऊन. फरक शे-दीडशे ग्रॅमच्या आत चुकला तर काटा पास. मग अर्धा लिटरची भरलेली बाटली घेऊन बघा. काही स्वस्त काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला की तोच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला काटा फार ‘स्थिर’ वाटतो. बाटली घेऊनही आकडा हलला नाही, तर मुदत आहे तोवर परत करा.

आता चरबी. काटा चरबी मोजत नाही. तो एका तळव्यातून अगदी सौम्य प्रवाह सोडतो, एक मिलिअँपिअरहूनही कमी आणि बहुधा ५० किलोहर्ट्झचा, आणि दुसऱ्या तळव्यापाशी अडथळा किती आला ते बघतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून प्रवाह सहज जातो. चरबीतून जात नाही. अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज, चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरून त्या शरीराचा अंदाज, आणि वजनातून ते वजा करून चरबीचा अंदाज. तीन अंदाज एकावर एक. त्यात प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो, धडातून फारसा जातच नाही. ज्या पोटासाठी एवढा खटाटोप, ते त्याला जेमतेम कळतं.

उरलेली जागा अ‍ॅपमधलं सूत्र भरून काढतं. घरीच बघा: अ‍ॅपमध्ये उंची पाच सेंटिमीटर वाढवा आणि लगेच पुन्हा उभे राहा. अंग तेच, तळवे तेच, चरबीचा टक्का मात्र खाली. काही अ‍ॅपमध्ये ‘अ‍ॅथलीट’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की चरबी आणखी उतरते. इतकी स्वस्त चरबी दुसरीकडे कुठे उतरत नाही.

पाणी हललं की टक्का हलतो, आणि आपल्या गावात पाणी हलायची कारणं पुष्कळ. नवरात्रात रात्री गरब्यात घाम काढून आलात, पाणी कमी प्यालात, की सकाळी वजन खाली आणि चरबी वर. रात्री तिखट-खारट सेव उसळ हाणलीत की मीठ पाणी धरून ठेवतं, सकाळी वजन वर आणि चरबी बहुधा खाली. दोन्ही खोटं. काट्यावर चढण्याआधी घटाघटा पाणी प्यालात तर ते वजनात येतं, पण अडथळा लगेच फारसा बदलत नाही, म्हणून ते पाणी बऱ्याच अंशी चरबीच्या खात्यात पडतं. व्यायामानंतर लगेच मोजलंत तर त्वचा गरम, रक्तप्रवाह वाढलेला, आणि टक्का उगाच कमी दिसतो. कोरडे, भेगाळलेले तळवे असले की आकडा चढतो. क्रिएटिन (जिमला जाणारे घेतात ती पूड) सुरू केलं असेल तर स्नायूंत किलो-दीड किलो पाणी साठू शकतं आणि काटा ते ‘मसल’ म्हणून मिरवतो.

नवख्याला हे का महाग पडतं, ते आकड्यात बघा. ८० किलोचा माणूस, चरबी २८ टक्के, म्हणजे २२.४ किलो. दहा आठवडे नीट व्यायाम केला, वजन ७९ आणि चरबी २५ टक्के झाली, म्हणजे १९.७५ किलो. वजनात एकच किलो गेला, पण चरबी अडीच किलोहून जास्त उतरली आणि बाकीचं शरीर दीड किलोहून जास्त भरलं. उत्तम प्रगती. पण ती आहे तीन टक्क्यांची, आणि घरगुती काटा आज-उद्यात तेवढा इकडेतिकडे सहज होतो. दहा आठवड्यांचं काम एका रात्रीच्या जागरणात बुडालेलं दिसतं.

जिममध्ये हातात दांड्या धरून उभं राहायचं यंत्र असतं, ते याहून बरं. आठ ठिकाणी स्पर्श होतो, हात आणि धडही मोजलं जातं. पण तत्त्व तेच, म्हणून पाण्याचं दुखणंही तेच. वर्गणी भरताना संध्याकाळी जेवूनखाऊन केलेली पहिली चाचणी आणि तीन महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी केलेली दुसरी, या दोन कागदांची तुलना करू नका. जिमवाले करून दाखवतील, तरी करू नका.

आणि ‘बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) बरोबर आहे, मग चरबी कशाला मोजायची’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय २२.३. डेक्सावर, म्हणजे क्ष-किरणांनी हाडं आणि चरबी मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलेली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून किती सडपातळ असतो ते यावरून समजावं. शिवाय परदेशी लोकांवर बेतलेली सूत्रं आपल्याला जशीच्या तशी का बसत नाहीत, तेही.

मग घ्यायचं काय? आधी टेप, पण शिंप्याची जुनी कापडी नको, ती ताणली जाते. फायबरग्लासची, ताणली न जाणारी घ्या. कंबर पुरुषांनी बेंबीच्या रेषेत, स्त्रियांनी ती सर्वात बारीक असते तिथे, फरशीला समांतर, श्वास सहज सोडून झाल्यावर. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. पाठीमागे ती खाली घसरते, म्हणून आरशाकडे बाजू करून उभे राहा. मान कंठमण्याच्या लगेच खाली. स्त्रियांनी नितंबाचा सर्वात मोठा घेरही घ्यायचा. या मापांवरून टक्का काढायची पद्धत अमेरिकन नौदलासाठी १९८४ मध्ये हॉजडन आणि बेकेट यांनी बसवली, नेटवर तिचे फुकट कॅल्क्युलेटर आहेत. उंची १७०, मान ३८, कंबर ८८ सेंटिमीटर असेल तर पुरुषाचा टक्का येतो सुमारे २०.१. कंबर ८९ धरली की २०.८. एका सेंटिमीटरला पाऊण टक्का, म्हणून प्रत्येक माप तीनदा घ्या आणि मधला आकडा लिहा. टक्का नाही काढलात तरी नुसती कंबर लिहून ठेवा. भारतीयांसाठी पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात.

दुसरी वस्तू चिमटा, म्हणजे कातडीखालच्या चरबीची घडी किती जाड ते मोजणारा स्किनफोल्ड कॅलिपर. प्लॅस्टिकचा साधा चालतो, फक्त ठरावीक दाबावर ‘टक्’ आवाज करणारा बघून घ्या, नाहीतर रोज दाब वेगळा पडतो. पुरुषांनी छाती, पोट आणि मांडी, स्त्रियांनी दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी. सगळं उजव्या बाजूला. पोटाची घडी बेंबीपासून दोन सेंटिमीटर उजवीकडे, उभी. मांडीची जांघेची घडी आणि गुडघ्याची वाटी यांच्या बरोबर मध्ये, पायावर भार न ठेवता. अंगठा आणि तर्जनीनं कातडी व चरबी उचलायची, स्नायू नाही. स्नायू आलाय का ही शंका असेल तर तो भाग क्षणभर आवळा, स्नायू बोटांतून निसटतो. चिमटा बोटांपासून एक सेंटिमीटर लांब लावायचा, दोन सेकंद थांबून वाचायचं आणि तोवर बोटांची पकड सोडायची नाही. नव्या माणसाच्या हातून इथेच गडबड होते: बोटं सुटतात आणि आकडा दोन-तीन मिलिमीटरनं घसरतो. तीस वर्षांच्या पुरुषाच्या तीन घड्यांची बेरीज ६० मिलिमीटर आली तर जॅक्सन-पोलॉकच्या सूत्रानं चरबी साधारण १८ टक्के. पण बेरीज स्वतःच जास्त भरवशाची, तीच वहीत लिहा. मांडीची घडी स्वतःच स्वतःची घेता येते, दंडामागची नाही, तिथे घरातलं कोणीतरी लागेल, आणि दर वेळी तेच माणूस. पोट फार सुटलेलं असेल आणि घडी चिमट्यात नीट मावत नसेल, तर काही महिने टेपवरच भागवा.

डेक्सा या सगळ्यांहून भरवशाचं, पण दर महिन्याला करायची गोष्ट नव्हे. हाडांची घनता तपासणारी केंद्रं शहरात सापडतात. फोन करून ‘पूर्ण शरीराचं कंपोझिशन काढता का’ हेच विचारा, नाहीतर कंबर आणि खुब्याच्या हाडांचा रिपोर्ट घेऊन याल. सुरुवातीला एक आणि सहा महिन्यांनी एक, दोन्ही एकाच मशीनवर. पाण्याचा थोडा परिणाम त्यावरही होतो.

ज्या गावात प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर आहे, तिथे व्यायाम नवा नाही. टक्क्याचं वेड तेवढं नवं. काटा घरात असेलच तर रोज सकाळी शौचानंतर, पाणी पिण्याआधी, तळवे किंचित ओलसर करून चढा आणि सात दिवसांची सरासरी काढा. चरबीचा टक्का बघायचाच असेल तर त्याचीही सरासरीच बघा. टेप पंधरा दिवसांनी, चिमटा महिन्यानं. स्क्वॉटच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी सुजलेली असते, तेव्हा मांडीची मापं नकोत. मासिक पाळीच्या दिवसांत पाणी वर-खाली होतं, म्हणून पाळीच्या त्याच टप्प्यावर मोजा. छातीत पेसमेकर असलेल्यांनी या काट्यावर चढू नये आणि गरोदरपणातही तो वापरू नये. त्यांच्यासाठी साधा, बिनपट्ट्यांचा काटा निम्म्याहून कमी किमतीत येतो.