ड्रायव्हर, अकरा महिने: फेसला गेलेली चीर आणि फुकटचे ५ यार्ड

१४ सप्टेंबरची सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला. येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, मारला आणि बद्द आवाज आला. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तेव्हा तडा गेलेलं मडकं वाजतं ना, अगदी तसा. बॉल मात्र सरळ गेला, लांबही गेला. हेड (काठीचं डोकं) उलटं करून पाहिलं तर फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, वरच्या कडेपासून मधोमधपर्यंत केसाएवढी चीर. ४८,००० रुपयांचा ड्रायव्हर, २०२४ च्या दिवाळी पाडव्याला घेतलेला. वर्षही पुरं झालं नव्हतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. वॉरंटीचं भांडण माझं आणि त्यांचं आहे, आणि पुढे जे लिहितोय ते ४६० सीसी आकाराचं हेड असलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला लागू आहे. स्पेक नेहमीचेच: टायटॅनियम फेस, कार्बन क्राउन (हेडची वरची बाजू), १०.५ अंश लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा). शाफ्ट (दांडा) मी रेग्युलर घेतला. वय ५६, हँडिकॅप १८, म्हणजे साधारण हौशी खेळाडू.

पहिल्या सहा महिन्यांचं मत थोडक्यात सांगतो, कारण ते आता बदललं आहे. माझा जुना ड्रायव्हर २०१६ चा. बाणेरच्या एका इनडोअर सिम्युलेटरवर त्याचा कॅरी (बॉल हवेत जातो ते अंतर) सरासरी १९६ यार्ड यायचा, नव्याचा २०३ आला. (हे आकडे समुद्रसपाटीच्या सेटिंगवरचे. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे इथे प्रत्यक्षात साधारण २ टक्के जास्त जातं.) म्हणजे ४८,००० रुपयांत ७ यार्ड, यार्डाला जवळजवळ ६,९०० रुपये. हा हिशोब मी पहिल्या आठवड्यात मांडला आणि तो डोक्यातून गेला नाही. वडिलांनी आयुष्यभर एकच स्कूटर चालवली. त्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा आकडा टोचतो. हेडकव्हरची शिवण मार्चमध्ये उसवली, ती कॅम्पातल्या चर्मकाराकडून शिवून घेतली. बाकी तक्रार नव्हती.

मग पावसाळ्यात नवल घडलं. जुलै-ऑगस्टमध्ये फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) भिजलेले असतात, बॉल पडतो तिथेच रुततो, घरंगळत नाही. दरवर्षी या दिवसांत माझे ड्राइव्ह आखूड होतात. या वर्षी उलट लांब जायला लागले. ऑगस्टअखेर सिम्युलेटरवर मोजलं तर कॅरी २०८. मी ते श्रेय सकाळच्या व्यायामाला दिलं, घरी सांगितलं, फोरबॉलमध्ये (आम्ही चौघे एकत्र खेळतो त्या गटात) सांगितलं. तेव्हा माझा कॅडी (कोर्सवर बॅग सांभाळणारा) म्हणाला होता, "सर, आवाज बदललाय याचा." त्याचं मी ऐकलं नाही. आठवड्याला शंभर ड्रायव्हरचे आवाज ऐकणारा मुलगा आहे तो, त्याचं ऐकायला हवं होतं.

चीर गेल्यावर सिम्युलेटरचे जुने प्रिंटआउट काढून बसलो. नोव्हेंबरमध्ये क्लबहेडचा (काठीच्या डोक्याचा) वेग ताशी ९१ मैल, बॉलचा १३१. ऑगस्टमध्ये क्लबहेड तोच, ९१, पण बॉल १३३. माझ्या अंगात काहीच वाढलं नव्हतं, फेस जास्त उसळी देत होता. फटके जास्त मधोमध बसले तरी बॉलचा वेग वाढतो, म्हणून दोन्ही दिवसांचे फक्त सर्वांत चांगले तीन-तीन फटके ताडून पाहिले. फरक तेवढाच राहिला.

हे कसं होतं ते समजून घेतलं. ड्रायव्हरचा फेस जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा असतो आणि बॉल लागताच तो स्प्रिंगसारखा आत दबून परत येतो. किती दबावा याला नियम आहे. एक छोटा पोलादी लंबक फेसवर आपटून तो किती वेळ टेकून राहतो हे मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची आणि वर १८ ची सूट, म्हणजे २५७. कंपन्या या रेषेच्या अगदी जवळ जाऊन फेस बनवतात. हजारो फटके खाऊन फेस सैल होत जातो, बॉल जास्त उडवतो, आणि एक दिवस तडकतो. मी आठवड्यातून तीनदा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जातो, दर वेळी ड्रायव्हरचे तीसेक फटके. दहा महिन्यांत चार हजारांच्या आसपास झाले. तडकण्याआधीचे काही आठवडे माझा ड्रायव्हर बहुधा नियमाबाहेरच होता. न मोजता ठामपणे म्हणता येत नाही, पण आकडे तेच सांगतात.

आणि हे मे महिन्यातच माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं! २०२५ च्या पीजीए चँपियनशिपमध्ये (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे मेजरपैकी, एक) अमेरिकेत क्वेल हॉलोला स्पर्धेआधीच्या तपासणीत रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर या लंबकाच्या चाचणीत नापास झाला. स्कॉटी शेफलरचाही झाला. दोघांनी दुसरे ड्रायव्हर वापरले आणि शेफलरने तर स्पर्धा जिंकली. २०१९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये झँडर शॉफेलीच्या ड्रायव्हरचंही असंच झालं होतं. मुद्दाम कुणी काही केलेलं नसतं. वापरून वापरून फेस रेषेपलीकडे जातो. ती बातमी वाचताना मला वाटलं होतं, हे ताशी १२० मैलांनी मारणाऱ्यांचं दुखणं.

आता सर्व्हिस. दुकानाने हेड दुसऱ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवायला सांगितलं. कुरियरचे १,१४० रुपये माझे. बारा दिवसांनी उत्तर आलं की रेंजचे बॉल वापरल्यामुळे वॉरंटी बसत नाही. मी वॉरंटी कार्डाचा फोटो पाठवला आणि विचारलं, यात रेंजच्या बॉलचा उल्लेख कुठे आहे ते दाखवा. कार्डावर फक्त 'सामान्य वापर' लिहिलं आहे. ड्रायव्हर घेणारा माणूस रेंजवर जाणार नाही तर कुठे जाणार? चार ईमेल, सात फोन. शेवटी ८ नोव्हेंबरला नवीन हेड हातात आलं, पण वॉरंटी जुन्याच तारखेपासून मोजलेली, म्हणजे ती पाडव्याच्या सुमारास संपलेली. आज माझ्याकडे नवं कोरं हेड आहे आणि त्यावर एका दिवसाचीही वॉरंटी नाही. माझा संताप यावरच आहे. जी वस्तू नियमाच्या काठावर चालावी म्हणून बनवली आहे, ती किती फटके टिकेल हे विकताना सांगायला हवं. टायरवर खुणा असतात, यावर का नाहीत?

नव्या हेडवर पुन्हा मोजलं. क्लबहेड ९१, बॉल १३१, कॅरी २०३. माझे ५ यार्ड गेले.

इथे माझं एक जुनं मत पूर्ण बदललं. डिसेंबर २०२३ मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या नियम करणाऱ्या दोन संस्थांनी बॉलची लांबी आवरण्याचा निर्णय जाहीर केला. बॉल जास्तीत जास्त ३१७ यार्ड, अधिक ३ ची सूट, ही मर्यादा तीच ठेवली, पण चाचणीतला क्लबहेडचा वेग १२० वरून १२५ मैल केला. जास्त वेगाने मारूनही तेवढंच जायचं, म्हणजे बॉल मंद करावा लागणार. २०२८ पासून प्रो (व्यावसायिक खेळाडू) आणि २०३० पासून सगळे, असं तेव्हा जाहीर झालं. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील, आपल्यासारख्यांचे ५ किंवा त्याहून कमी, असा त्यांचाच अंदाज. मी भयंकर चिडलो होतो. माझ्या हिशोबाने ५ यार्ड म्हणजे ३४,००० रुपये. लांब मारतात ते लोक, आणि भुर्दंड आम्हाला का?

आता तेच ५ यार्ड मला आधी मिळाले आणि मग गेले. ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतची स्कोअरकार्डं आणि नोव्हेंबर-डिसेंबरची कार्डं समोर ठेवली. तेव्हा सरासरी ९२ फटके, आता ९१ (जितके कमी तितकं चांगलं). ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल भोकात घालायला तीन फटके लागले की संपलं, तिथे ५ यार्ड काही करत नाहीत. त्यामुळे बॉल मंद करायला माझा आता विरोध नाही.

पण बॉलवर नियम केला तरी मूळ दुखणं, म्हणजे चुकायची भीतीच न उरणं, तसंच राहणार, आणि हे मी आमच्या फोरबॉलमधल्या निवृत्त कर्नलसाहेबांमुळे शिकलो. त्यांच्याकडे १९८० च्या दशकातला लाकडी ड्रायव्हर आहे, पर्सिमनचा, पोलादी शाफ्टचा, मुठीएवढं हेड. हेड बदलून येईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसलो होतो, तेव्हा त्यांनी तो दिला. सिम्युलेटरवाल्याची परवानगी काढून त्याच्याच बॉलने मारून पाहिला. मधोमध बसलेला फटका १८६ यार्ड. माझ्या ड्रायव्हरपेक्षा १७ कमी, हे मला पटण्यासारखं होतं. पण फटका टोकाकडे लागला की १५२, तोही उजवीकडे वाहवत. नवीन हेड आल्यावर त्याच्याही टोकाने मुद्दाम मारले. १९४. म्हणजे चुकीची किंमत लाकडाच्या हेडला ३४ यार्ड आणि आजच्या हेडला ९. आठवडाभर मी दुसऱ्या कशाचाच विचार केला नाही.

जोरात मारायची ताकद आधीही होती. जॅक निकलॉसने १९६३ च्या पीजीए चँपियनशिपच्या लाँग ड्राइव्ह स्पर्धेत लाकडी ड्रायव्हर आणि त्या काळच्या बॉलने ३४१ यार्ड मारले होते. पण तशी ताकद दर टीवर लावणं परवडायचं नाही, कारण चुकला की बॉल झाडीत. म्हणून तेव्हाचे खेळाडू थोडं राखून मारायचे. १९९१ ला बिग बर्था हा धातूचा ड्रायव्हर आला, १९० सीसीचा, आणि तेवढाच लोकांना अवाढव्य वाटला होता. दोन वर्षांनी बर्नहार्ड लँगरने लाकडी ड्रायव्हरने मास्टर्स (तीही एक मेजर) जिंकलं आणि त्यानंतर लाकडाने कुणी मेजर जिंकलेलं नाही. मग टायटॅनियम आलं, हेड फुगत गेलं, २००० च्या शेवटी प्रो व्ही वन हा नवा बॉल आला आणि दोऱ्याने गुंडाळलेले बॉल बघता बघता बाद झाले. हेडला ४६० सीसीची मर्यादा २००४ मध्ये घातली, तोवर चूक स्वस्त झाली होती. चूक स्वस्त झाली की माणूस जीव खाऊन मारतो आणि वेग वाढवायला जिमला जातो. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या प्रोंची स्पर्धामालिका) ड्राइव्हची सरासरी १९८० ला २५७ यार्ड होती. १९९७ ला जॉन डेली वर्षभराच्या सरासरीत ३०० ओलांडणारा पहिला ठरला. आता अख्ख्या टूरची सरासरी ३०० च्या आसपास आहे आणि २०२३ मध्ये मॅकिलरॉयची ३२६ होती.

हे मी इथेही पाहिलं आहे. पूना क्लबवर प्रोंची स्पर्धा असली की मी दोरीबाहेर उभा असतो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, आम्ही जिथे गुपचूप आयर्न (आखूड पण सरळ मारायची काठी) काढतो, तिथे विशीतला मुलगा ड्रायव्हर घेतो आणि पूर्ण ताकदीने झाडांच्या डोक्यावरून मारतो. पाहायला फार सुंदर वाटतं. पण तो होल ज्याने आखला, त्याने त्या झाडांपाशी विचार करायला लावायचं ठरवलं होतं, तो विचार आता कुणी करत नाही. मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टा क्लबने १३ व्या होलची टी मागे नेण्यासाठी शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली आणि २०२३ ला तो होल ५१० वरून ५४५ यार्डांचा केला. येरवड्याला टी मागे कुठे नेणार? कंपाउंडपलीकडे वाहता रस्ता आहे, डोक्यावर लोहगावची विमानं आहेत. आणि जागा मिळालीच, तरी वाढलेल्या गवताला पाणी कुठून आणायचं, ज्या शहरात खडकवासला अर्ध्यावर आला की नळाची वेळ बदलते?

लांबीच सगळं ठरवते असंही मी म्हणत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक नेली कोर्डाच्या कितीतरी मागून दुसरा फटका मारत होती, हातात वुड किंवा हायब्रिड (लांबच्या फटक्यांच्या काठ्या), आणि तरीही पटरच्या (ग्रीनवर बॉल ढकलायच्या काठीच्या) जोरावर चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. त्या शनिवारी पहाटे आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसले होते, गोल्फ न कळणारेसुद्धा. तो खेळ टिकायला हवा. म्हणून माझं मत असं की प्रोंसाठी बॉलपेक्षा हेड लहान करावं. ३०० सीसी म्हणा. मधोमध मारणाऱ्याचं फारसं जाणार नाही, आणि टोकाने मारणाऱ्याला पुन्हा विचार करावा लागेल. आपल्यासारख्यांचं ४६० राहू द्यावं, आपल्याला त्याची खरी गरज आहे.

ड्रायव्हर घ्यावा का? जुना फार जुना असेल तर घ्या, पण गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या. रेंजवर तो वापरू नका, मी आता तिथे २०१६ चाच नेतो. वॉरंटी कार्डावर रेंजच्या बॉलबद्दल काय आहे ते दुकानातच विचारून बिलावर लिहून घ्या. आणि आवाजाकडे लक्ष ठेवा. नव्या हेडचा आवाज कॅडीने फोनवर रेकॉर्ड करून ठेवला आहे. मार्चमध्ये सिम्युलेटरवर परत मोजणार आहे, बॉलचा वेग १३१ च्या वर गेला तर इथे लिहीन.