पिशव्या सांभाळणाऱ्यांच्या नजरेतून इमॅजिका

खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसून आलेले असतात. मी बसलेली नाही. मणक्याच्या डॉक्टरांनी नको म्हटलंय, आणि त्यांनी हो म्हटलं असतं तरी मी बसले नसते. आमच्या घरात बायकांनी मोठेपणी पाळण्यात न बसण्याची परंपरा आहे, ती आईकडून माझ्याकडे आली. तेव्हा हे परीक्षण खाली उभं राहून, तीन मोबाइल, दोन चष्मे आणि नवऱ्याचं पाकीट सांभाळत केलेलं आहे. उलटं लटकल्यावर पोटात काय होतं ते हवं असेल तर माझ्या मुलीला विचारा. न विचारताही सांगेल.

आईचं मत असं की कुठलाही पार्क चांगला की वाईट ते बाकड्यावर बसल्यावर कळतं. पाळणे काय, सगळीकडे गरागरा फिरतात. पण दिवसभर पिशव्या घेऊन बसणाऱ्या बाईची जिथे आबाळ होत नाही, तो पार्क खरा. हे मत तिने गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये बनवलं आणि तेव्हापासून ते बदललेलं नाही.

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. मी तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागले होते. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आमच्या डोंबिवलीच्या चाळीतली झाडून सगळी पोरं ते गाणं ओरडायची, आणि ‘घरी जाणार नाही’ हे शब्द आईबापांसमोर म्हणायची मुभा वर्षातून तेवढ्यापुरतीच असायची. बाबा रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात. मे महिन्यात निकाल लागला की एखाद्या रविवारी ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “शैलाला फोन करा.” शैला आत्या परळला राहायची. तिला फोन म्हणजे एस्सेलवर्ल्ड नक्की.

सकाळची लोकल, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेच्या बाजूला, तिथून बोरिवली फास्ट. कुठल्या डब्यात बसलं की उतरल्यावर समोर जिना येतो हे बाबांना तोंडपाठ होतं, आणि बाबांच्या सगळ्या कर्तबगारीत मला त्या वयात ते सर्वांत मोठं वाटायचं. बोरिवलीहून बेस्टची बस खाडीपर्यंत. खाडीवर दोन वेगळ्या होड्या, एक गोराई गावात जाणारी आणि एक एस्सेलवर्ल्डची. गावाच्या होडीत कोळणी, त्यांच्या रिकाम्या पाट्या, सायकली. आमच्या होडीत नवीन कपडे घातलेली, तेल लावून भांग पाडलेली मुलं. भरतीला पाणी अगदी तिवरांच्या फांद्यांपर्यंत यायचं. ओहोटी असली की चिखल आणि त्याचा तो वास. आई नाकाला पदर लावायची. आत्या मात्र मान उंचावून पलीकडचा किनारा न्याहाळायची आणि म्हणायची, “वहिनी, बोंबील काय मस्त वाळत घातलेत बघा.” परतताना तिच्या पिशवीत बोंबील असायचेच.

आत शिरलं की आम्ही भावंडं झिपर डिपर या रोलर कोस्टरकडे पळायचो आणि आई सावलीकडे. बसायची जागा निवडणं हे तिच्या लेखी शास्त्र होतं. सावली सकाळी अकराची बघायची नाही, दुपारी तीनची बघायची. अकराला सुंदर दिसणारं झाड तीनला उन्हात सोडून जातं. जागेवरून पाण्याचा नळ दिसला पाहिजे, बायकांचं स्वच्छतागृह जवळ हवं पण वाऱ्याच्या दिशेला नको, आणि मुलं राइडमधून बाहेर येतात तो दरवाजा नजरेत पाहिजे. आत जाणारं दार दिसून उपयोग नाही. आत जाताना मुलं हरवत नाहीत, बाहेर येताना हरवतात. मी आज बेचाळिशी ओलांडली आहे आणि यातला एकही मुद्दा मला खोडता आलेला नाही.

एकदा तिने मोड आलेले वाल ओल्या फडक्यात बांधून आणले होते. आम्ही ॲक्वा डाइव्हच्या होडीतून धप्पकन पाण्यात येत होतो आणि ती आणि आत्या बाकड्यावर बसून वाल सोलत होत्या. डाळिंब्यांचा डबा भरला तेव्हा आमच्या राइड संपल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीच्या बिरड्याची सोय अशी एस्सेलवर्ल्डात झाली. शेजारी बसलेल्या एका गुजराती काकूंनी आधी बघितलं, मग त्याही सरकून मदतीला आल्या. आईच्या मते ती सगळ्यांत यशस्वी सहल.

बाबा मात्र बसायचे. सगळ्यात बसायचे. रेनबोतून उतरले की “मस्त होतं” म्हणायचे आणि आईशेजारी डोळे मिटून आडवे व्हायचे. अर्धा तास त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. पुढे कधीतरी आईला बर्फाच्या स्केटिंगच्या हॉलचा शोध लागला. मे महिन्यात, मुंबईच्या घामात, एक आख्खा हॉल गार! कठड्याला टेकून लोकांचं धडपडणं बघायचं, फुकटचा एसी. माझ्या भावाला स्केटिंगची आवड आहे असं घरात जे पसरलं, त्याच्यामागे आई होती. त्याला काही फार आवड नव्हती.

१९९८ ला शेजारी वॉटर किंगडम आलं. आम्हाला आनंद, आईला ओल्या कपड्यांचं ओझं. तिथून आमच्या फेऱ्या कमी होत गेल्या. दहावी-बारावी आली, आत्याचे गुडघे गेले, मग मित्रमैत्रिणींसोबत जायचं वय आलं आणि पिशव्या सांभाळायला कुणी लागेनासं झालं. वॉटर किंगडम आजही चालू आहे. एस्सेलवर्ल्डला मात्र करोनानंतर जुने दिवस आले नाहीत.

आई मधल्या काळात त्याच होडीने पुन्हा जाऊन आली, पण एस्सेलवर्ल्डला नाही. लागूनच जागतिक विपश्यना पॅगोडा आहे, २००९ मध्ये खुला झालेला, खाडीतून त्याचा सोनेरी कळस लांबूनच दिसतो. त्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही. आम्ही विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, “बसायची सोय उत्तम.”

तर अशा तज्ज्ञ व्यक्तीला घेऊन आम्ही या जानेवारीत इमॅजिकाला गेलो. आई, मी, नवरा, मुलगी सई आणि मुलगा ईशान. खोपोली-पाली रस्त्यावर हा पार्क २०१३ पासून आहे. आता तो संगमनेरच्या मालपाणींकडे आहे, शिर्डी आणि लोणावळ्याचे वेट अँड जॉय पार्क ज्यांचे तेच. पाली म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला. बल्लाळेश्वर इतका जवळ असताना दर्शन न घेता नुसतं खेळायला जायचं हे तिला पटण्यासारखं नव्हतं, म्हणून आधी पाली, मग पार्क. हा क्रम मी सगळ्यांना सुचवेन. पार्क करून पालीला जाऊ म्हणाल तर पाय उरत नाहीत.

आत आल्यावर आई थांबली, डोंगराकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं आणि विचारलं, “तीन वाजता ऊन कुठून येईल?” ईशानने मोबाइलवर दिशा काढून दिली. आजी-नातवाने जागा नक्की केली आणि मला तिथे पिशव्या ठेवायला लावल्या.

न बसणाऱ्यांसाठी या पार्काची खरी जमेची बाजू अशी की इथल्या बऱ्याच राइड बंदिस्त आणि गार आहेत, आणि त्यातल्या काही आरामात बसून करायच्या आहेत. एस्सेलवर्ल्डात आईपुढे दोनच पर्याय होते, गरगर फिरणं नाहीतर बाकडं. इथे मधलं काहीतरी आहे. अलीबाबाच्या गुहेत गाडी आपोआप पुढे सरकते आणि हातातल्या बंदुकीने प्रकाशाचा नेम धरून चोर टिपायचे असतात. आई नाही-नाही म्हणत बसली. पुढच्या गाडीत मी होते. मागून तिचा आवाज, “हा बघ, हा बघ, पळाला!” बाहेर आल्यावर सईपेक्षा तिचे गुण जास्त. त्यावर ती काही बोलली नाही. नवऱ्याला मात्र बोलावून आकडा दाखवला.

आय फॉर इंडिया हा दुसरा. भल्यामोठ्या पडद्यासमोर खुर्च्या उचलल्या जातात, पाय अधांतरी लोंबतात आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. शेजारी बघितलं तर आईने पर्स घट्ट धरलेली. तिचा अभिप्राय: खुर्ची चांगली, एसी चांगला, पण बसच्या खिडकीतून जास्त नीट दिसतं. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार वगैरे आहे त्यांनी प्रत्येक राइडच्या दारावरची सूचना वाचूनच जावं. आम्ही वाचली, तिथल्या मुलाला विचारलं, मगच तिला बसवलं.

राजासॉरसच्या होडीत मी बसले. ईशानने बसवलं असं म्हणा. रांगेत त्याने मला व्याख्यान दिलं की राजासॉरस हा कुणी सिनेमातला प्राणी नाही, खराखुरा आपल्याकडचा डायनासोर आहे, गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं. नावात नर्मदाही आहे. रांगेतल्या मागच्या दोन बायकाही ऐकायला लागल्या. होडी अंधारातून जाते, प्राणी डरकाळ्या फोडतात आणि शेवटी धप्पकन खाली येते. पुढच्या रांगेत बसाल तर न्हाऊन निघाल. कोरड्या कपड्यांची पिशवी न बसणाऱ्याच्या हाती द्या आणि त्याला बाहेर येण्याच्या दारापाशी उभं करा. पुन्हा सांगते, बाहेर येण्याच्या.

नायट्रो. चाळीस मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं, आणि पायाखाली तळच नाही. सई तीन वर्षं उंची वाढायची वाट बघत होती. रुळांखाली उभं राहिलं की आधी गाडी दिसत नाही, फक्त घरघर ऐकू येते, मग डोक्यावरून पायांची एक ओळ जाते आणि किंकाळ्या मागून येतात. त्या पायांमध्ये आपल्या मुलीचे कुठले ते ओळखायचा प्रयत्न करू नका. मी केला. निळे मोजे शोधत होते, आणि निळे मोजे त्या दिवशी निम्म्या महाराष्ट्राने घातले होते. आई बाकड्यावरून उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तू झिपर डिपरला गेलीस की मी नळाकडे बघत बसायचे. वर बघायचंच नाही.” हा सल्ला तिने आधी द्यायला हवा होता.

नवरा उतरला, “मस्त होतं” म्हणाला आणि आडवा झाला. माझ्या वडिलांना तो फार थोडी वर्षं भेटला, हे कुठून शिकला कोण जाणे.

काही रोखठोक गोष्टी. शनिवार-रविवार टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, एकसारख्या टोप्या घातलेल्या रांगा दिसल्या की दुसऱ्या टोकाच्या राइडकडे वळा. रांग टाळण्यासाठी जादा पैशांचं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. आईने ते व्हीआयपी दर्शनाच्या पासात जमा केलं आणि नाक मुरडलं. मला विचाराल तर मुलं दहा-बाराची आणि वेळ एकच दिवसाचा असेल तर घ्या, देवापुढे नाही, नायट्रोपुढे उभे आहात. दर वारानुसार आणि हंगामानुसार बदलतात, ज्येष्ठांना सवलत असते, घरूनच बघून तिकीट काढा. पावसाळ्यात सह्याद्री समोर हिरवागार असतो पण धो-धो पावसात उघड्या राइड थांबवतात, तेव्हा ती जोखीम धरून जा. पार्कातलं खाणं जगात कुठेही महागच, त्यावर मी शाई खर्च करत नाही. आम्ही पालीहून निघताना पोटभर मिसळ खाल्ली होती.

गाडी नसेल तरी अडत नाही. सीएसएमटीहून खोपोली लोकल सुटते, ती डोंबिवली, कल्याण, कर्जत करत शेवटच्या स्टेशनापर्यंत जाते, पुढे रिक्षा. बाबा असते तर कुठल्या डब्यात बसायचं तेही सांगितलं असतं.

आईला विचारलं, पाचपैकी किती तारे? तिने उलट विचारलं की सगळ्यांत जास्त किती देता येतात. पाच म्हटल्यावर म्हणाली, “चार दे. पुढच्या वेळी वाल आणते, मग बघू.” वाल आत नेऊ देतील की नाही ते तिकीट काढताना विचारून घेईन. पालीला घेतलेले पोह्याचे पापड मात्र गाडीतच ठेवले होते, त्यातले निम्मे परतीच्या वाटेवर कोरडेच संपले.