मायनस एटीचा बर्फ आणि उद्यमनगरातले मिस्त्री : ५ पैकी ४ स्टार

ज्यांच्या लॅबमध्ये मायनस एटी, म्हणजे सॅम्पल उणे ८० डिग्रीला ठेवायचा फ्रीजर, हाय त्यांच्यासाठी लिहितोय. पावसाळ्यात आपल्याकडं हवा एवढी दमट असती की दार उघडायचा अवकाश, आत बर्फ धरतोच. पण आमच्या मशीनला वरच्या कोपऱ्यात जरा जास्तच थर चढायला लागला, आतली दारंसुद्धा चिकटायला लागली. सर्व्हिस कंपनीला फोन केला तर मशीन न बघताच नवीन गॅस्केटचं, म्हणजे दाराच्या कडेच्या रबराचं, कोटेशन मेलवर, आकडा बघून मॅडम गप्पच.

मग उद्यमनगरातल्या एका रेफ्रिजरेशनच्या मिस्त्रींना बोलवलं. माणसानं आल्या आल्या कागदाची पट्टी दारात धरून चारी बाजूनं ओढून बघितली, खाली घट्ट आणि वरच्या कोपऱ्यात सुळकन बाहेर. गॅस्केट फाटलंच नव्हतं ओ! मशीन लेव्हलला नव्हतं, दार बिजागरीला जरा उतरलेलं, त्या फटीतनं हवा आत जायची आणि गॅस्केटवरच बर्फ धरला की ते अजूनच दबायचं नाही. शिवाय दार एकदा लावलं की लगेच परत उघडत नाही ना, आत गेलेली गरम हवा गार होऊन आकसती म्हणून, तर ती ओढ सोडायचं जे बारीक भोक असतंय तेपण बर्फानं बुजलेलं.

आमच्यातला एकजण बर्फ फोडायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला तर मिस्त्री लई खवळले. भिंतीमागंच गॅसच्या नळ्या असत्यात, एक टोचली की गॅस गेला, आणि ह्याच्यात दोन कॉम्प्रेसर एकाच्या जीवावर एक चालत्यात, खर्च विचारूच नका. मग सॅम्पल शेजारच्या डिपार्टमेंटला हलवून, मशीन बंद करून, दारं उघडी टाकून रात्रभर बर्फ वितळू दिला, खाली टॉवेल. सकाळी सगळं कोरडं पुसलं, कारण पाणी राहिलं की तेच परत गोठतंय. पुढचा फिल्टर धुतला, त्यातनं निघालेली धूळ बघून आमचीच मान खाली. मशीन रिकामं चालू करून टेंपरेचर पूर्ण उतरल्यावरच सॅम्पल परत ठेवू दिले.

काम एक नंबर, पैसेपण वाजवी. एक स्टार कापला कारण सांगितलेल्या दिवशी आले नाहीत आणि जीएसटी बिल मिळवायला आमच्या क्लार्कला दुकानात हेलपाटे मारायला लागले. मायनस एटीचा गॅस भरायचं काम ते घेत नाहीत, तसं तोंडावर सांगत्यात, ते आवडलं. सरकारी किंवा कॉलेजची लॅब असेल तर बिलाचं आधीच बोलून घ्या.