बदकं आणि फेझंट, कुत्रा मात्र एकच: लॅब घ्यावा की शॉर्टहेअर?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा पश्चिम भाग आणि दोन्ही डकोटा हा तळ्यांचा मुलूख. हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या खळग्यांत पाणी, काठाला पाणकणीस, मधल्या उंचवट्यांवर मका आणि सोयाबीन. ऑक्टोबरात इथे पहाटे बदकं आणि दुपारी शेताच्या कडेच्या गवतात फेझंट (कोंबडीसारखा, लांब शेपटीचा रानपक्षी) असा दिवस जमतो. भिगवणला आपण दुर्बिणीतून पाहतो ते तलवार बदक आणि थापट्या इथेही आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे लिहिणं इकडे राहणाऱ्या, परवाना आणि बदकांच्या शिकारीसाठी लागणारा तिकीट-स्टँप रीतसर काढणाऱ्या मराठी माणसासाठी आहे, तेही घरात एकच कुत्रा ठेवता येणार असेल तर.

प्रश्न बहुतेक वेळा दोनच जातींवर येऊन थांबतो, लॅब्रेडोर आणि जर्मन शॉर्टहेअर पॉइंटर. (गावाकडे कारवान जातीचा कुत्रा पाळलेल्यांसाठी एक सांगतो. कारवान डोळ्यांनी शिकार करतो, हे दोघं नाकाने. त्यामुळे तो अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही.) मी लॅब निवडला. पण शॉर्टहेअर कमी प्रतीचा म्हणून नव्हे, आणि कोरड्या रानात तर तो उजवाच आहे.

आधी तेच बोलू. सप्टेंबरात उघड्या माळावर तीक्ष्णशेपट्या ग्राउझ किंवा तित्तिर कुळातला हंगेरियन पार्ट्रिज शोधायचा असेल, तर शॉर्टहेअर दीडशे-दोनशे यार्डांवर वाऱ्यावर नाक ठेवून फिरतो, वास लागला की जागच्या जागी थिजतो आणि तुम्ही पोचेपर्यंत पॉइंट धरून उभा राहतो. तेवढंच रान लॅबकडून काढायचं तर माणसालाच तितकं चालावं लागतं. फेझंटमध्ये फक्त नर मारायची परवानगी असते, आणि पॉइंटवर चालत जाताना नर की मादी हे ओळखायला क्षणभर जास्त मिळतो. उकाड्यातही शॉर्टहेअर बरा टिकतो. दाट अस्तराचा, म्हणजे वरच्या केसांखाली दाट लव असलेला, लॅब सप्टेंबरच्या उन्हात लवकर तापतो. त्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी सावली आणि पाणी लागतं. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबू लागली की काम थांबवायचं.

लॅब पॉइंट धरत नाही, थेट पक्षी उठवतो. म्हणून त्याला वीस-पंचवीस यार्डांच्या आत ठेवणं हीच त्याची सगळी शिस्त. तो पस्तीस यार्डांवर पक्षी उठवत असेल तर बंदूक खांद्याला लागेपर्यंत पक्षी टप्प्याबाहेर जातो. वाऱ्याला तोंड करून चालायचं, त्याला डावी-उजवीकडे नागमोडी फिरवायचं, आणि वेग वाढला की शिट्टीने बसवायचं. पळणारा फेझंट नर मात्र दोघांनाही छळतो. शॉर्टहेअर पॉइंट धरून असतो तेव्हा पक्षी पायांनी पाणकणसातून निसटलेला असतो. लॅब माग काढत सुटतो आणि मागे माणूस धावतो. गवताच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक जोडीदार उभा करणं हा यावर सगळ्यात चांगला उपाय. मात्र तो कुठे उभा आहे हे सगळ्यांना आधी माहीत हवं, आणि त्याच्या दिशेने खालून उडणाऱ्या पक्ष्यावर गोळी नाही. सशांचं काम दोघंही करतात, पण शॉर्टहेअरला पहिल्या वर्षी सशामागे धावू दिलं तर पॉइंट बिघडतो.

आता पाणी. माझ्यासाठी निर्णय इथे झाला.

शॉर्टहेअरच्या अंगावर अस्तर जवळजवळ नसतं. ऑक्टोबरच्या अखेरीस काठाला बर्फाची साय धरू लागते तेव्हा तो एकदा पोहून आला की थरथरतो. याला तोड आहे. निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या कापडाचा, अंगरखा, हंगामाच्या सुरुवातीला तीन मिलिमीटरचा आणि पुढे पाच मिलिमीटरचा, छातीला घट्ट बसणारा. सैल असेल तर आत पाणी भरतं आणि पोहताना ओझं होतं. काखेत कडक शिवण असेल तर दोन दिवसांत कातडी सोलते. पाठीवर मूठ असलेला घ्यावा, म्हणजे कुत्र्याला होडीत ओढून घेता येतं. शिवाय पाण्याच्या वर राहील असा बसायचा पाट किंवा स्टँड दिला की थंडीचा प्रश्न बराचसा मिटतो.

न मिटणारी गोष्ट म्हणजे त्याचं कुंईकुंई.

हा पळण्यासाठी घडवलेला कुत्रा. आडोशात, म्हणजे इथे ज्याला ब्लाइंड म्हणतात तिथे, त्याला दोन-तीन तास बसायचं असतं आणि डोक्यावरून पंखांचा आवाज जात असतो. मग बारीक सूर सुरू होतो आणि थवा वळला की चढतो. खरं तर नुसत्या आवाजाला बदकं फारशी बिचकत नाहीत, ती हालचालीला बिचकतात. पण कुंईकुंई करणारा कुत्रा स्थिर नसतो. आधी पुढचे पाय चाळवतात, मग ढुंगण वीतभर पुढे सरकतं, गवत हलतं, थवा वर उचलतो. त्याच्या पुढची पायरी धोक्याची. बार होताच, कधी बाराच्या आधीच, कुत्रा आडोशातून सुटतो आणि बंदुकीच्या नळीच्या पुढे येतो. खाली उतरणाऱ्या बदकावर माणूस नेमका त्याच उंचीवर नेम धरत असतो. हे न घडता पक्षी पडला तरी, जागा सोडून पुढे गेलेल्या कुत्र्याला दुसरं बदक कुठे पडलं ते दिसलेलंच नसतं.

इथे छऱ्यांचाही संबंध येतो. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे चालत नाहीत. पोलादी छरा हलका, त्याचा जोर लवकर ओसरतो, आणि पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे जखमी होऊन निसटणारी बदकं वाढतात. जखमी बदक बुडी मारतं, मग फक्त चोच वर काढून पाणकणसात शिरतं. पडल्याची जागा हेरून ठेवणारा कुत्रा नसेल तर तो पक्षी गेला. मारलेला पक्षी हाती लागलाच पाहिजे, असं ज्याला मनापासून वाटतं त्याने हा मुद्दा सगळ्यात वर ठेवावा.

कुंईकुंई घालवता येते, पण काम चिकाटीचं आहे. ती चालू असताना पक्षी आणायला सोडलं तर रडलं की सोडतात एवढंच तो शिकतो. पूर्ण गप्प, किमान पाच-सहा सेकंद, मगच हुकूम. डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या नकली वस्तू, दहा फेकाव्यात, त्यातल्या पाच-सहाच त्याला आणू द्याव्यात, उरलेल्या आपण चालत जाऊन उचलाव्यात. आधी अंगणात पाटावर, मग तळ्याकाठी, मग पाण्यावर फसवी बदकं (थव्याला भुलवायची नकली बदकं) मांडून. हे लॅबलाही करावंच लागतं. फरक इतकाच की लॅबमध्ये ते लवकर मुरतं. माझ्या पाहण्यात चांगल्या रक्ताचे शॉर्टहेअरही उन्हाळाभर शिकून आडोशात गप्प राहिले, आणि हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात थवे वाढले तसा सूर परत आला. सगळेच असे नसतील, हे मान्य.

लॅबचा दुसरा फायदा हुकुमाने दिशा घेण्याचा. एक लांब शिट्टी, तो वळून बसतो, हात दाखवला तिकडे जातो. न पाहिलेला पक्षी असा आणता येतो. शॉर्टहेअर त्याऐवजी स्वतःच्या नाकाने पाणकणीस विंचरतो, आणि कधीकधी तेच जास्त कामाला येतं.

दोघांनाही लागू असलेल्या काही गोष्टी राहिल्या. फसवी बदकं आधी कोरड्या गवतावर मांडून कुत्र्याला त्यांच्यामधून फिरवावं, नाहीतर तो दोरीसकट तीच उचलून आणतो किंवा पाय गुंतवून घेतो. पहिला बार कधीही जवळून नको. कुत्र्याचं लक्ष पक्ष्यात असताना शंभर पावलांवरून सुरुवात करावी आणि कित्येक आठवड्यांत अंतर कमी करत आणावं. आडोशात कुत्रा नळीच्या रेषेपासून बाजूला आणि मागे हवा. नळीजवळच्या दणक्याने कान जातात. पातळ बर्फावर कुत्रा पाठवायचा नाही, पक्षी कितीही जवळ असो. सुरुवातीच्या गरम दिवसांत पाण्यावर हिरव्या रंगाची साय दिसली तर त्या तळ्यात उतरूच देऊ नये. ते शेवाळ कुत्र्याचा जीव घेतं. संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, काखा, कान आणि पापण्यांखाली कुसळं तपासावीत. ती कातडीत शिरली की आत सरकत जातात. गोखरू दोघांच्याही आखूड केसांतून लवकर निघतात.

म्हणून माझा कल असा: वर्षातले दोन-तृतीयांशाहून जास्त दिवस कोरड्या रानात जाणार असाल तर शॉर्टहेअरच घ्या आणि बदकं नोव्हेंबरच्या आत आटपा. अर्धे दिवस पाण्यावर असतील, आणि शेजारी दुसरा बंदूकवाला बसणार असेल, तर लॅब.

लॅबच्या पिल्लासाठी जाताना आई-बापाच्या नितंबसांध्यांचे दाखले आणि श्रमाने कोसळण्याच्या आनुवंशिक विकाराची तपासणी मागा. त्या विकाराचं जनुक २००८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधलं, आणि आता तपासणी सहज होते. शॉर्टहेअरमध्ये दिवसा आंधळं करणाऱ्या विकाराची तपासणी विचारा. मग, जात कोणतीही असो, पिल्लांच्या आईला तळ्याकाठी बसवायला सांगा, दोन डमी पाण्यात फेकायला सांगा, आणि तिला सोडू नका म्हणा. ती दहा मिनिटं गप्प बसली तरच पिल्लू हातात घ्या.